शेवटच्या पानाआधीचा चहा

कथासंग्रह मला कधी सोसले नाहीत. मी कादंबऱ्या वाचणारा. एका घरात शिरलो की महिनाभर राहावं, स्वयंपाकघरातल्या भांडणांपर्यंत ओळख व्हावी, अशी सवय. कथेत माणसांची जेमतेम नावं कळतात, तोवर ती निघून जातात. पान उलटलं की नवी माणसं. अक्का गेल्यापासून तर हे फारच जड जाऊ लागलं. प्रत्येक कथा संपली की कोणीतरी गेल्याचा फोन आल्यासारखं होई.

अक्का, माझी मोठी बहीण, कथांचीच वेडी होती. सप्तापूरच्या आमच्या घरी दर गुरुवारी दुपारी तिच्या मैत्रिणी जमत. अक्का एक कथा वाची. पुस्तक कन्नड असलं तरी तोंडातून मराठी येई. मी आत माझी कादंबरी घेऊन दार लोटून बसे. बाहेर मध्येच कप वाजत, मग गलका होई.

तिचं वर्षश्राद्ध झाल्यावर शेजारच्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "अण्णा, एक गुरुवार तुम्ही वाचा. जमलं तर बैठक पुन्हा सुरू करू. नाही तर आता पुरे."

त्या आठवड्यात अक्काच्या कपाटातला एक मराठी संग्रह घेऊन बसलो. एकही कथा शेवटपर्यंत वाचवेना. पहिली तेवढी कशीबशी रेटली.

गुरुवारी सगळ्या आल्या, केशवापूरहून बस बदलत येणाऱ्या आजीसुद्धा. अक्काच्या खुर्चीवर बसायचं मी टाळलं. कुठेही न थांबता वाचत सुटलो आणि पुस्तक मिटलं.

"संपली?" आजींनी विचारलं.

"संपली."

"अय्यो, मग आम्ही भांडायचं कधी?"

शिक्षिकांनी चष्मा पुसला. "अक्का शेवटच्या पानाआधी पुस्तक मिटायची. मग चहा. पुढं काय होणार ते प्रत्येकीनं सांगायचं. नंतर शेवट वाचायची."

इतकी वर्षं भिंतीपलीकडे बसून मला हे ठाऊक नव्हतं. कथा संपल्यावर चहा होतो, असंच मी धरून चाललो होतो.

आजी पिशवी घेऊन उठल्या. "राहू दे, अण्णा. पाचची बस आहे मला."

त्या एकदा उंबऱ्याबाहेर पडल्या की परत येणार नाहीत, हे मला स्पष्ट दिसलं.

"बसा," मी जरा मोठ्यानंच म्हणालो. "दुसरी वाचतो."

"अक्का एका दिवशी दोन कधी वाचत नव्हती," आजी म्हणाल्या.

"मी वाचतो."

दुसरी कथा मी स्वतःही वाचली नव्हती. घर सोडून गेलेल्या एका शिंप्याची होती. त्याची बायको त्याचं यंत्र विकायला काढते आणि गिऱ्हाईक दारात येतं. पान उलटताना पलीकडे कथेचं शेवटचं पान दिसलं. पुस्तक झटकन मिटलं आणि चहा टाकायला आत गेलो.

मग आजींचा आवाज आला, "विकणार ती. का नाही विकायचं?"

"छे, तो येतोय परत," शिक्षिका म्हणाल्या.

"येत नाही तो!" मी आतूनच ओरडलो.

"तुम्ही चहा बघा हो, कादंबरीवाले!" आजी गरजल्या. "वाचून आलाय वाटतं चोरून!"

"नाही वाचलेली! शपथ!"

मी आधण उतरवलं, कप तसेच ओट्यावर सोडले आणि भांडायला बाहेर गेलो.