दोन कार्ब्युरेटर आणि कानसेन

आमच्या ह्यांना गॅरेजच्या धंद्यात सगळे कानसेन म्हणतात. रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात, आणि आत जाणाऱ्या हवेच्या आवाजावर पेच फिरवायचा. जोड कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत दोन्हींचा आवाज सारखा जुळावा लागतो, म्हणून त्या लांबून येतात त्या ह्या कानासाठी. कान गेला तर गॅरेज गेलंच म्हणायचं. बाकी माणूस हट्टी, चहा गार करून पिणारा आणि घरात माझं अक्षरही न ऐकणारा. बायकोचं ऐकू न येणं हा नवऱ्यांचा जुनाच आजार, म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही.

मी गॅस्केटं, म्हणजे इंजिनाच्या सांध्यांत हवा अडवायला बसवायचे कागद, कापते. कागद लोखंडावर धरायचा, कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकायचं, की आकार सुटून येतो. माझ्या गॅस्केटमधून आजवर हवा गेलेली नाही, हे मी कुणालाही ऐकवते.

त्या दिवशी बोटीवरून निवृत्त झालेल्या कप्तानांची गाडी होती. तिला आम्ही शर्यतीचे दोन कार्ब्युरेटर चढवले. इंजिनाच्या पोटात साचणारा धूर आधी जुन्या एअर फिल्टरमध्ये जायचा. तो फिल्टरच निघाला, म्हणून ह्यांनी धुरासाठी नवी नळी आणि एकाच बाजूला उघडणारी झडप बसवली. दुसऱ्या दिवशी जुन्या गाड्यांची डोंगर चढायची शर्यत होती, त्यामुळे कप्तान सकाळपासून स्टुलावर ठाण मांडून होते.

गाडी सुरू केली. इंजिन गदगदा हलत होतं, मध्येच दम सोडायचं, कार्ब्युरेटर खोकायचा.

"झडप हवा खेचतेय," हे म्हणाले.

मी झडपेची नळी पकडीनं दाबून धरली. इंजिन होतं तसंच रडत राहिलं. म्हणजे झडप निर्दोष होती.

"मग गॅस्केट. हिनंच कापलंय," हे म्हणाले, तेही कप्तानांच्या देखत.

"वहिनी, घाई झाली का?" कप्तानांनी विचारलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ब्रशनं सगळ्या सांध्यांवर तेल लावलं. कुठे फट असती तर तेल आत ओढलं गेलं असतं. एक थेंब हलला नाही.

"बघा, नीट बघा!" मी म्हणाले.

"सरक बाजूला," हे म्हणाले आणि पुन्हा नळी घेऊन वाकले.

ह्यांची एक जुनी लकब आहे. गाडीच्या एकाच बाजूला उभं राहायचं, पुढच्या कार्ब्युरेटरला उजवा कान लावायचा, मागच्याला मान वळवून डावा. आज मागच्याच्या वेळी ह्यांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. नळी कानात खुपसत होते आणि पेच आणखी उघडत होते. खरं तर मागचा कार्ब्युरेटर इतका सुसाट ओढत होता की मला नळीवाचूनही कळत होतं.

गॅस्केट काढायला त्यांनी इंजिन बंद केलं. मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हळूच म्हणाले, "अहो, मी कायमची माहेरी चालले."

एवढी चांगली बातमी ऐकूनही माणूस वळला नाही. म्हणजे दोष त्या कानात होता.

एका वाक्यात माझं गॅस्केट निर्दोष ठरलं असतं आणि ह्यांचं नाव बुडालं असतं. वाक्य ओठांवर होतं, खोटं कशाला सांगू! पण मी कप्तानांकडे वळले. "माझंच चुकलं. नवीन कापते. तुम्ही जेवून या."

"उद्या डोंगरावर बंद पडली तर हसं माझं होईल, वहिनी," असे चार शब्द सुनावून ते गेले.

मी ह्यांच्या उजव्या बाजूला आले. "दोन्हींना हाच कान लावा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पाना भिरकावतात. पण त्यांनी इंजिन सुरू केलं, जागा बदलली, मागच्या कार्ब्युरेटरला उजवा कान लावला आणि डोळे मिटले. पेच बंद करत आणला, पुढचा जुळवला. खोकला थांबला. मडगार्डवर ठेवलेला पाना थरथरायचा थांबला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"वाटायचं, नळी तुंबली असेल. तीनदा बदलली."

कप्तान परतले. इंजिन ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "वा कानसेन, हा कान आहे म्हणून आम्ही आहोत! आणि वहिनी, पुढच्या वेळी गॅस्केट जरा नीट बघून कापा."

मी मान हलवली. गिळायचं तर पूर्ण गिळावं.

"गॅस्केट बदललेलंच नाही," हे म्हणाले. "ते बरोबर होतं. डावा कान गेलाय माझा. तिनं ओळखलं."

कप्तानांच्या हातातली किल्ली तशीच राहिली. मला एकदम रडू आलं आणि ह्यांचा भयंकर रागही आला. एवढं मी झाकलं होतं.