लाल वाटेचा ठराव

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात युनियनचं काम करायचे. छपाईत बिघडलेली पत्रकं घरी यायची. पुढच्या बाजूला कन्नडमधल्या मागण्या आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूला मी गिरवलेली मराठी बाराखडी. युनियनची दुसरी सवय हात वर करून मत देण्याची. राजाजीनगरच्या आमच्या घरात फ्रिज कुठला घ्यायचा, सुट्टीत मावशीकडे जायचं का, सगळं मतावर ठरे. शाळेत जायला लागले तेव्हापासून माझं मत दादाच्या मताइतकंच भरे.

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ही पद्धत बंद पडली. त्यांनी किती वेळ बसायचं, जिना चढायचा की नाही, हे आई आणि दादा ठरवू लागले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भरपूर चाला, दुखलं की थांबा. घरात त्यातलं फक्त थांबणं राहिलं. अण्णांनी एकच गोष्ट मागितली होती, नदीत पाय सोडून बसायचं. म्हणून एका रविवारी सकाळी आम्ही चौघं शहराबाहेरच्या नदीकाठच्या उद्यानात गेलो.

फाटकाशी वाटांचा नकाशा होता. हिरवी वाट फरसबंदीची, वरच्या बाकांपर्यंत जाणारी. तिथून नदी फक्त दिसते. लाल वाट बांबूंमधून, दगडांवरून थेट पाण्यापर्यंत. रखवालदारानं अण्णांच्या काठीकडे पाहिलं आणि हिरव्या बाणाकडे बोट केलं. "स्वल्प निधान, अज्जा." जरा सावकाश, आजोबा.

"अज्जा म्हणाला मला," अण्णा म्हणाले.

"मग काय, तम्मा म्हणू दे, धाकटा भाऊ?" आई म्हणाली. "चला हिरवीनं."

"आईचं आणि माझं गाडीतच ठरलंय," दादा म्हणाला.

गाडीत अण्णा पुढच्या सीटवर झोपले होते आणि मागे माझ्या कानात गाणी होती. मी म्हणाले, "ज्याचे पाय त्याला न विचारता कसं ठरलं? याला ठरवणं नाही म्हणत, याला कट म्हणतात."

"सुरू झालं हिचं भाषण," दादा म्हणाला. "तिथे पडले तर उचलणार कोण?"

"मी आणि तू. पण आधी मत घ्यायचं."

आईनं पदर खोचला. "रविवारीसुद्धा तुमची सभा."

पण अण्णा काठीवर रेलून ताठ उभे राहिले होते. कित्येक महिन्यांनी त्यांचा कारखान्याच्या गेट मीटिंगमधला आवाज ऐकला. "माझा ठराव आहे. लाल वाट घ्यायची. वाटेत कुणीही 'थांबा' म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. का, ते कुणी विचारायचं नाही. मत घ्या."

माझा हात वर गेला, अण्णांचा गेला. दादाचे हात खिशात. आईनं थोडा वेळ अण्णांकडे पाहिलं आणि मनगट तेवढं उचललं. "का विचारायचं नाही ना? मग सरी, चालेल."

निम्म्या वाटेवर एक फाटा लागला. तिथून हिरव्या वाटेकडे जाणारा बाण होता. तिथेच "थांबा" ऐकू आलं. आवाज आईचा होता. दादानं तोंड उघडलं, अण्णांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, त्यानं ते मिटलं. अण्णा आईशेजारी दगडावर टेकले. तिनं चप्पल काढून टाच चोळली आणि काही वेळानं आपण होऊन उठली.

पाण्यापाशी अण्णांनी पँट वर दुमडली. गुडघ्यावरची उभी खूण मी पहिल्यांदाच उन्हात पाहिली. पाय पाण्यात सोडून ते बसले, शेजारी आई बसली.

"दुखतंय का?" दादानं विचारलं.

"नियम काय ठरलाय?"

"तो थांबल्यावरचा आहे."

"मग आत्ता काय पळतोय मी?"

दादा हसला आणि बूट काढू लागला.

परतताना त्याच फाट्याशी अण्णा थांबले. गुडघा सुजलेला दिसत होता. दादानं माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी बाण पाहिला, काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा वर केला. "हिरवी," ते म्हणाले.

आम्ही तिघांनी हात वर केले.