तेवीस दगडांची निगा

पाकिटावर इंग्रजीत छापले होते की बी धुळीइतके बारीक असते. दोह्याची धूळ छापणाऱ्याने पाहिली नसावी. आमच्या खिडकीच्या फटीतून येणारी धूळ त्या बियांपेक्षा जाड होती.

ऐंशीचे दशक नुकतेच सुरू झाले होते. मुशेरीब वस्तीतल्या एका खोलीत आम्ही तिघे राहत होतो. आबा माणदेशातले, गोड्या पाण्याचा टँकर चालवत. चाचा रत्नागिरीकडचे, एसी दुरुस्त करत आणि शुक्रवारी स्वयंपाक करत. मी एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होतो. खोलीत इंग्रजी वाचण्याचे काम आले की ते माझ्याकडे येई. पाकीटही असेच आले.

ते आबांना त्यांच्या कफीलने दिले होते. ज्याच्या नावावर आबांचा व्हिसा होता तो हा अल गराफाचा म्हातारा. त्याचा मुलगा इंग्लंडमध्ये शिकत होता आणि सुटीत येताना हे बी घेऊन आला होता. पाकिटावरच्या चित्रात करड्या रंगाचे खडे होते. निरखून पाहिले तर प्रत्येक खड्याला मधोमध चीर होती. ही झाडे होती. दोन जाड पाने, बाकी काही नाही. इंग्रजीत त्यांना जिवंत दगड म्हणत.

म्हाताऱ्याने हे बी आबांनाच का दिले, याला आबा स्वतः जबाबदार होते. नोकरीवर घेताना म्हाताऱ्याने विचारले होते, गावी काय करतोस? आबा म्हणाले होते, "शेती. हम पत्थर पे भी उगाएगा, बाबा." हे वाक्य आबा विसरले, म्हातारा विसरला नाही. उत्तरेकडे त्याचा मजरा, म्हणजे शेतमळा होता. खजुराची झाडे, विहीर, चाळीसेक शेळ्या. तिथला माणूस दीडेक वर्षाने कायमचा गावी जाणार होता. म्हाताऱ्याने पाकीट आबांच्या हातावर ठेवले आणि मोडक्या हिंदीत सांगितले, "तुम बोला पत्थर. ये पत्थर. ये आया तो मजरा तुम्हारा. नहीं आया, खलास, टँकर."

टँकरच्या केबिनमध्ये एसी नव्हता. जुलैत स्टिअरिंगला हात लावायचा तर आबा आधी त्यावर ओले फडके टाकत. मजऱ्यासाठी आबा काहीही उगवायला तयार होते.

नोव्हेंबरात पेरणी झाली. दुधाच्या पावडरीचा मोठा डबा चाचांनी आडवा कापला आणि तळाला खिळ्याने भोके पाडली. वाळू आबांनी आणली. ती खारट असणार म्हणून टँकरच्या नळाखाली सात वेळा धुतली. मी पाकिटावरची सूचना वाचली: बी पुरू नये, नुसते वर भुरभुरावे.

"पुरायचं न्हाई?" आबा म्हणाले. "मग ही पेरणी हाय का कुक्कू लावायचा कारेक्रम?"

पुढची सूचना त्यांना त्याहून अपमानास्पद वाटली. पाणी अतिशय कमी. हजारो गॅलन पाणी रोज वाहणारा माणूस चाचांच्या कानाच्या औषधाच्या ड्रॉपरने पाणी घालू लागला.

बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. त्या दिवसापासून मी वहीत नोंद ठेवू लागलो. तारीख, संख्या, शेरा. सवय कामाची होती. पहिल्या महिन्यात ठिपके साठावर होते. उन्हाळ्यात एकोणतीस राहिले. दुसऱ्या डिसेंबरात ते हरभऱ्याएवढे झाले आणि तेवीसवर स्थिर झाले. आबा येता-जाता तो आकडा म्हणत. टँकरच्या रांगेतले पठाण ड्रायव्हरही त्यांना सलामाऐवजी "तेवीस?" असे विचारू लागले होते.

पाकिटावर म्हटले होते की वर्षाने झाडे काढून, मुळे दोन दिवस सावलीत सुकवून, पुन्हा ऐसपैस लावावीत. एका बुधवारी आबांनी तेवीस झाडे टाचणीने उकरून काढली आणि खिडकीखाली माझ्याच दैनिकाच्या पानावर मांडली. प्रत्येकाला खाली पांढरे बारीक मूळ होते.

शुक्रवारी सकाळी आबा टँकरवर होते आणि मी कचेरीत. पुढचा भाग मला नंतर कळला, पण तो इथेच सांगणे सोयीचे आहे.

चाचांनी उसळीसाठी मटकीला मोड आणले होते. शिजवण्याआधी ती निवडायची असते. खडे आणि गणंग, म्हणजे भिजूनही दगडासारखे टणक राहिलेले दाणे, बाजूला काढायचे असतात. उजेड खिडकीत होता, म्हणून चाचांनी झाडांच्या शेजारीच दुसरे पान पसरले आणि मटकी ओतली. निवडायला बसण्याआधी त्यांना आठवले की आदल्या दिवशी साफ केलेला खोलीचा एसी सुरू करून बघायचा राहिला आहे. त्यांनी तो सुरू केला. एसी उत्तम चालला. दोन्ही पाने उडाली आणि झाडे, मटकी, खडे, गणंग हे सगळे जमिनीवर एक झाले.

चाचा घाबरले नाहीत. धान्य निवडण्याचा त्यांचा अनुभव मोठा होता. आबांची झाडे त्यांनी कधी हातात घेतली नव्हती, पण ती दगड आहेत हे वर्षभर ऐकले होते. तेव्हा त्यांनी ढीग पुढे घेतला आणि प्रत्येक दाणा बोटात दाबून पाहिला. टणक लागला तो आबांचा. मऊ लागला आणि खाली मूळ दिसले ती मोड आलेली मटकी. काही मटकी जरा फुगली होती. अन्न टाकू नये म्हणून तीही पातेल्यात गेली.

दुपारी आम्ही जेवलो. आबांनी उसळ दोनदा मागून घेतली.

"चाचा, आज काय घातलंय? लई झ्याक जमलीया."

"काय नाय रे. नेहमीचाच मसाला."

जेवणानंतर आबा लावणीला बसले. जवळचे त्यांना धूसर दिसे, पण चष्मा ड्रायव्हिंगच्या लायसनला नडेल म्हणून ते घेत नसत. एक दाणा चिमटीत धरून ते म्हणाले, "लईच वाळल्यात की. पार खडखडीत." मी पाकीट पाहिले. सुकताना झाड आकसते आणि घट्ट होते, असे तिथे होते. मी ते वाचून दाखवले. नंतर डब्यावर वाकून मोजदाद केली. तेवीस. नोंद केली: "पुनर्लागवड पूर्ण. प्रकृती उत्तम."

पुढचे दोन आठवडे पाणी बंद होते. माझ्या वहीत त्या काळातील शेरे असे आहेत: "बदल नाही." "बदल नाही." "कूज नाही. आश्चर्यकारक तग." मग ड्रॉपर पुन्हा सुरू झाला आणि नवव्या दिवशी एक दगड मधोमध फुटला. मी पाकीट वाचले: झाड दुभंगते आणि आतून पानांची नवी जोडी येते. चिरेतून पानांची जोडीच येत होती. आबांनी डब्याला हात जोडले. चाचांनी शेवयांची खीर केली. त्याच आठवड्यात आणखी सहा फुटले.

आबा दोन दिवस दुखानच्या साइटवर पाणी घेऊन गेले. तेवढ्यात पानांच्या जोड्यांखाली देठ आले. पाकिटावर झाडाची उंची अर्धा इंच दिली होती. आमचे पहिले झाड चार इंचांवर गेले आणि खिडकीच्या गजाकडे कलू लागले. मी नोंद केली: "पाकिटाशी विसंगत."

आबा आले. दारातूनच, म्हणजे त्यांना नीट दिसते त्या अंतरावरून, त्यांनी डब्याकडे पाहिले. जवळ येऊन एक पान चुरगळले आणि हुंगले.

"ही मटकी हाय," ते म्हणाले.

मी पाकीट काढले. आबांनी ते माझ्या हातातून घेऊन उलटे ठेवले. "ठेवा ते. मटकी हाय. जल्मापास्नं बघतूया." मग त्यांनी चाचांकडे पाहिले.

चाचा स्टोव्ह पुसत होते. "सांगणारच होतो," ते म्हणाले. "चार माझे हायत."

"कसले चार?"

"निवडल्यावर एकोणीसच भरले. तू तर दिवसभर तेवीस तेवीस करतोस. मग तांदळाच्या डब्यातले चार खडे घातले. चारच. अल्ला कसम, बाकीचे तुझेच."

आम्ही डबा उपसला. तांदळातले चार खडे, मटकीतले बारा खडे, सात फुटलेले गणंग. आबांचे एकही नव्हते. मी वहीत त्या शुक्रवारची तारीख काढली आणि उसळीचा प्रसंग क्रमाने जुळवून सांगितला. मग आबा म्हणाले, "म्हंजी वरीसभर डोळ्यात त्याल घालून जपलं, आन भाकरीसंगं खाल्लं?"

"तूच दोनदा मागून घेतलीस," चाचा म्हणाले. "मी तर एकदाच खाल्ली."

म्हातारा पुढच्या शुक्रवारी झाडे बघणार होता. चाचांनी तोडगा सुचवला. मटकी उपटावी, खडे ठेवावेत. चित्रातही खडेच आहेत. म्हातारा थोडाच चावून बघणार?

आबांनी देठाला बोट लावले, मागे घेतले. पुन्हा लावले. "रुजल्यालं उपटू?" ते म्हणाले. "ते जमायचं न्हाई मला." मटकी राहिली. कबुली द्यायची ठरली. आमच्या दैनिकात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दोन ओळींत दुरुस्ती छापत, सबब देत नसत. आबांनीही तेच करावे, असे मी सुचवले. त्यांना ते पटले, पण दोन ओळी पाठ होईनात.

अल गराफाच्या घरी आम्ही तिघेही गेलो. अंगणात म्हातारा खुर्चीवर होता आणि एक शेळी मोकळी होती. आबांनी डबा जमिनीवर ठेवला. म्हाताऱ्याने वेलाकडे पाहिले, मग खिशातून मुलाने दिलेले दुसरे पाकीट काढून चित्राकडे पाहिले.

"शिनू हादा?" हे काय, असे त्याने विचारले.

"बाबा, तुम्हारा पत्थर हम खा गया," आबा म्हणाले. "गलती से. ये हमारा मुल्क का दाना."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी मान डोलावली. चाचांनी छातीवर हात ठेवून सांगितले की चव चांगली होती.

तेवढ्यात शेळीने डब्यात तोंड घातले. आबा धावले. म्हाताऱ्याने हात वर करून त्यांना थांबवले आणि तो शेळीकडे पाहत राहिला. तिने सातही वेल बुडापासून खाल्ले, डबा चाटला, आणि आणखी आहे का म्हणून आबांचा सदरा ओढू लागली.

"कितना पानी?" म्हाताऱ्याने विचारले.

आबांनी खिशातून ड्रॉपर काढून दाखवला.

म्हाताऱ्याने तो हातात घेतला, दाबून पाहिला. शेळ्यांच्या बिरसीम घासाला मजऱ्याची निम्मी विहीर लागते, असे तो बराच वेळ अरबीत आणि हिंदीत बोलत होता. शेवटी ड्रॉपर परत देत म्हणाला, "यल्ला, चलो. मजरा. मटकी लगाओ." दुसरे पाकीट त्याने खिशात ठेवले. आबांनी मागितले तरी दिले नाही.

मार्चमध्ये आबा उत्तरेला गेले. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी पिकअपमधून अर्धे पोते मटकी पाठवली. चाचांनी ती माझ्या दैनिकाच्या पानावर पसरली, एसी बंद आहे याची दोनदा खात्री केली आणि तासभर निवडली. एकही खडा निघाला नाही. चाचांना ते खटकले. त्यांनी ती सगळी पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतली.