वाढणारे बोल्ट

वर्सोव्याच्या खाडीलगत गाडी उभी राहिली की तिला गंज चढतोच. त्यामुळे गल्लीतल्या मेकॅनिककडे माझी फेरी ठरलेली. कोकणातला माणूस; ‘तुटला’ हा शब्द तोंडातून काढत नाही. बायका बांगडी फुटली न म्हणता वाढली म्हणतात ना, तसे याचे बोल्ट वाढतात.

परवा पुढच्या ब्रेकचा एक बोल्ट गंजून जाम बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना डायलिसिसला न्यायचं होतं, हे त्यालाही सांगितलं होतं. बोल्टवर तेल सोडून हा आपला शांत बसलेला.

“तुटेल का हो?” माझ्याच्याने राहवेना.

“शुभ बोला ना, साहेब! आणि जरा लांब उभे राहा. तुमची घाई माझ्या पान्याला लागते.”

त्याने बोल्ट आधी किंचित आवळला. गंजलेला बोल्ट तसाच सुटतो म्हणे. मग उलटा जोर दिला. कट्‌ आवाज झाला. तो पान्याकडे बघत राहिला.

“वाढला?” मी हळूच विचारलं.

“तुटला,” तो म्हणाला. “उद्या बाबांना रिक्षाने न्या. ब्रेकच्या कामात मी गोड बोलत नाही.”