एक्केचाळीस डबे आणि रफिकभाई

लोकांना वाटतं, सॉफ्टवेअरवाल्यांकडे सांगण्यासारखं काही नसतं. खरं आहे, नव्या सॉफ्टवेअरमध्ये नसतंच! पण कुणाचा तरी जुना डेटाबेस उकरायला बसा, मग बघा. मी चिखलीचा, माझी पार्टनर केतकी पुण्याची. आम्ही दोघं मेहकरच्या एका कामाला अडीच महिने बसलो आणि किस्से इतके साठले की आता मूळ काम काय होतं तेच आधी सांगावं लागतं.

तर काम असं. कपाशीच्या बोंडअळीवर लक्ष ठेवणारं, शेतकरी मंडळाचं एक छोटं केंद्र. गावोगावच्या शेतांत कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे सापळे, लावलेले. रात्रीतून सापळ्यात किती पतंग अडकले ते शेतकरी सकाळी मोजणार, फोनवर केंद्र सांभाळणाऱ्या रफिकभाईंना सांगणार आणि रफिकभाई ते जुन्या कॉम्प्युटरवर टाकणार. सलग तीन दिवस आकडा जास्त आला की त्या गावाला इशारा: अळी आली, आत अळी शिरलेल्या मिटक्या डोमकळ्या तोडा, जाळा. बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, बोंडअळीची कटकट मिटली. मिटली कसली!

आदल्या वर्षी नेमक्या अळी येण्याच्या दिवसांत रफिकभाई तापाने आठ दिवस अंथरुणाला खिळले. इशारा कुणाला गेलाच नाही. गावंच्या गावं बोंडं फोडून बघतायत, तर आत गुलाबी अळी. रफिकभाईंनी ते फार मनाला लावून घेतलं. आणि या वर्षी त्यांचा हजला नंबर लागला. चाळीस दिवस, तेही ऐन कपाशीच्या मोसमात!

पहिल्याच दिवशी ते आम्हाला म्हणाले, "तुमचं यंत्र तयार झालं तं जातो. नाई झालं तं नंबर सोडून देतो. गावाले वाऱ्यावर सोडून माही हज कबूल व्हनार हाये काय?"

इतकी वजनदार डेडलाइन आम्हाला पुण्यात कुणी दिली नव्हती.

* * *

जुन्या डेटाबेसचा आराखडा वाचून त्यातल्या प्रत्येक टेबलाचा एक क्लास, म्हणजे माहितीचा एक डबा, बनवून देणारं टूल असतं. शेतकरी हा एक क्लास, शेत दुसरा, सापळा तिसरा. आणि कोण कुणाचं हे दाखवायला मध्ये रेषा. केतकीने मोठ्या ऐटीत टूल चालवलं. स्क्रीनवर एक्केचाळीस डबे आले. रेष एकही नाही!

म्हणजे कुठला सापळा कुठल्या शेतात आणि कुठलं शेत कुणाचं, हे डेटाबेसला माहीतच नव्हतं. केतकीचा चेहरा पडला.

"रफिकभाई, या टेबलांचे एकमेकांशी संबंध कुठे लिहून ठेवलेत?"

"थे कायले लिवा लागते? मले पाठ हायेत."

"सगळे?"

"एकूणएक! सापळा बावन्न ना? साखरखेर्ड्याचा गजानन. विहिरीजवळचं शेत. बायको माहेरी गेली का त्याचा आकडा येत नाई."

त्या दिवसापासून टूल बंद झालं आणि रफिकभाई सुरू झाले. रोज सकाळी आम्ही एक डबा दाखवायचो, ते सांगायचे, आम्ही रेष ओढायचो.

* * *

एका टेबलाचं नाव होतं 'तात्पुरते'. नावावरून काय ते कळतंच, म्हणून आम्ही त्याचा क्लास केला नाही. तर सगळे रिपोर्ट कोरे! शोधलं तेव्हा कळलं, अकरा वर्षं सगळा कारभार त्या 'तात्पुरते'मधूनच चाललाय.

"ज्या सरांनं हे बनवलं थे म्हनत होते, आठ दिवसापुरतं हाये," रफिकभाईंनी खुलासा केला.

"मग आठ दिवस झाले नाहीत का?" मी जरा वैतागूनच विचारलं.

"झाले असतीन. पन सर कुठी परत आले?"

* * *

एका कॉलमचं नाव नुसतं V. आत बेडूक, म्हैस, उंदीर, हत्ती असं काय काय भरलेलं. केतकीने डोकं लढवून 'पशुधन' नावाचा क्लास केला आणि जोडून टाकला: एका शेतकऱ्याकडे अनेक जनावरं. मला विचारलं, मीही मान डोलावली.

डेमोला मंडळाचे अध्यक्ष आले. चष्मा पुसून मोठ्यानं वाचायला लागले, "शेख युनूस, सुलतानपूर. पशुधन... बेडूक, एक."

रफिकभाईंनी कपाळाला हात लावला. "बेटा, थे नक्षत्राचं वाहन हाये! ज्या नक्षत्रात पेरलं, त्याचं वाहन पंचांगात पाहून टाकतो मी. बेडूक असला का पानी मस्त!"

आणि शेख रफिक यांनी मृगापासून हस्तापर्यंत सगळी नक्षत्रं एका दमात म्हणून दाखवली. केतकीच्या घरी दर पाडव्याला नवं पंचांग येतं. तिला दोन आठवली.

* * *

मोबाइल नंबर प्रत्येकाचा वेगळा असणार, असा आम्ही नियम घातला. साधी गोष्ट. डेटा भरायला घेतला आणि सिस्टिम अडकली: सुलतानपूरच्या एकोणीस शेतकऱ्यांचा नंबर एकच!

"चुकीचा डेटा," मी म्हटलं.

"चुकीचा कायचा बे? थे गिरनीवाल्या कमलबाईचा हाये. दळन घ्याले सारे तिच्याकडंच येतेत. तिले सांगतलं का गावाले सांगतलं!"

आम्ही नियम काढला. मेसेज एकोणीस जणांना वेगवेगळा पाठवायची सोय मागाहून केली, तर कमलबाईचा फोन आला, "काऊन भाऊ, माह्यावर भरोसा नाई काय?"

* * *

सापळा एकतीस. शेतकऱ्याच्या नावापुढे शेरा: मयत. पण रीडिंग रोज येतंय! केतकीने चूक म्हणून लाल करून ठेवलं होतं.

रफिकभाई त्या दिवशी हळू बोलले. "तीन साल झाले. कपाशी गेली अन् मांगच थो गेला. आता त्याची बायको मोजते. नाव बदलवू काय म्हनून इचारलं मी, तं म्हने राहू द्या. जिता होता तवा तिनं कधी त्याचं नाव घेतलं नाई. आता रोज सकाळी फोनवर घेते."

केतकी उठून बाहेर गेली.

नव्या सिस्टिममध्ये शेतकरी आणि मोजणारा वेगळे केल्यामुळे दोन्ही नावं राहतील अशी सोय झाली. केतकीने स्वतः फोन करून विचारलं, मोजणाऱ्याच्या जागी काय लिहू? उत्तर आलं, "शोभा लिवा. अन् ताई, औंदा कपाशीत तूर बी लावली, थे बी लिवजा!"

* * *

जायला आठ दिवस राहिले तेव्हा परीक्षा घेतली. एकीकडे सिस्टिम, दुसरीकडे रफिकभाई. दोघांना तेच आकडे. सगळीकडे जमलं, एका गावी अडलं. सिस्टिम म्हणे धोका नाही, रफिकभाई म्हणतात आहे.

"आकडा तर मर्यादेच्या खाली आहे!"

"हाये. पन मोजून कोन राह्यला? ज्ञानबा! त्याचा चष्मा दिवाळीतच फुटला. त्याच्या आकड्यात दोन मिळवा लागतेत."

एवढी मोठमोठी पुस्तकं वाचून मॉडेल बनवलं, आणि शेवटी आम्ही शेतकरी या क्लासमध्ये एक खाना वाढवला: चष्मा आहे का? हो किंवा नाही.

तो खाना बघून रफिकभाईंनी बॅग भरायला घेतली.

* * *

रफिकभाई गेल्यावर सकाळचे आकडे फोनवर आम्ही घ्यायला लागलो; पंधरा दिवस सगळं शांत होतं. सोळाव्या दिवशी सुलतानपूरचा आकडा सलग तिसऱ्या सकाळी वर गेला आणि सिस्टिमने आपणहून गावाला मेसेज पाठवला. शब्दसुद्धा रफिकभाईंचेच ठेवले होते. केतकीने टाळी दिली, मी चहा मागवला.

चहा यायच्या आत कमलबाईचा फोन. "भाऊ, मेसेज आला. पन रफिकभाई तं हजले गेले न? मंग धाडला कोनं?"

"सिस्टिमने."

"थे कोन?"

मी पाच मिनिटं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मशिनीच्या भरोशावर सारं गाव कामाले लावू? रफिकभाई म्हनतीन तं तोडू." फोन बंद!

दुपारपर्यंत तसेच नऊ फोन. मेसेज प्रत्येकाला पोचला होता आणि शेतात एकही माणूस गेला नव्हता. अळी एकदा बोंडात शिरली की संपलं. आदल्या वर्षीचंच पुन्हा होणार, आणि या खेपेला आमच्यामुळे. मला अक्षरशः रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गाडी काढून सुलतानपूरला निघालो. एकेकाच्या पाया पडायची तयारी ठेवली होती. गावाजवळ आलो तर दोन्हीकडच्या शेतांत माणसंच माणसं! टोपल्यांत डोमकळ्या, बांधावर धूर. कमलबाई पदर खोचून सगळ्यांच्या पुढे. आम्हाला बघून म्हणाली, "काल सांजेले बोलनं झालं रफिकभाईसंग. पाह्यता काय? घ्या टोपलं!"

बांधावरूनच मी रफिकभाईंना फोन लावला. मागे प्रचंड गर्दीचा आवाज.

"रफिकभाई, काय सांगितलंत तुम्ही यांना?"

"काय सांगू? मेसेज मीच धाडला म्हनून सांगतलं."

"अहो, पण तुम्ही तर तिकडे मक्केत आहात!"

रफिकभाई चांगलेच चिडून म्हणाले, "मंग? इथी उभं राहून मी खोटं बोलीन काय बे?"