उडदाची ताडपत्री

कुणी भुताची गोष्ट सुरू केली की मी उठून जायचो... एवढीच आमची श्रद्धा! आणि आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा हसायचं तर हसा.

पाथर्डीच्या पुढे माळावर विमान चालवायला शिकवणाऱ्यांची एक लहान धावपट्टी आहे. तिथे मी वॉचमन होतो. पट्टीच्या शेवटाला माझी पत्र्याची खोली, बाहेर बाज, आसपास चिटपाखरू नाही. बायको, मंगल, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून दुपारी डुलकी लागायची.

गुरुवारी विमानं बंद असायची. डांबर चांगलं तापतं, मग गावातली माणसं तिथे धान्य वाळवायची. त्या गुरुवारी माझे उडीद होते. ताडपत्री पसरली, वाऱ्याने उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर धोंडे ठेवले – आणि आडवा झालो. एका शिकाऊ पोरीची परीक्षा जवळ आली होती, म्हणून आज तिला विमान घेऊन सोडतोय असं शिकवणाऱ्यांनी मला वॉकीटॉकीवर सांगितलं होतं म्हणे. मी घोरत होतो!

मोठा आवाज झाला म्हणून उठलो. विमान पट्टी सोडून गवतात नाक टेकून पडलेलं, पुढचं चाक मोडलेलं. धावत गेलो. पोरगी आपणहून उतरली, कपाळाला खरचटलं होतं.

"काका, काकूंमुळे वाचले. नाहीतर त्या दगडांवरच गेले असते."

"कोण काकू?"

"ताडपत्रीपाशी उभ्या होत्या ना! ते पाखडायचं सूप डाव्या हातानं हलवत होत्या, बाजूला हो म्हणून."

मंगल डावरी होती. आणि माझ्याकडे सूप नव्हतंच. माळावर लांबपर्यंत बघितलं... कुणी न्हाई.

चौकशीत उडदाचं कबूल केलं, नोकरी गेली. जायलाच पाहिजे होती, पोरीचा जीव गेला असता. बाईचं मात्र कुणी मनावर घेतलं नाही. धक्क्याने भास झाला म्हणाले. असेल बुवा. पण डावा हात कुठून आला, ते मला अजून कळलेलं नाही.

परवा न राहवून त्या पोरीला फोन केला. म्हटलं, "त्या माझ्याकडे बघत होत्या का गं?"

"काका, तेवढ्यात मी काय काय बघणार?"

खरंय तिचं. पण ताडपत्रीपासून माझी बाज वीस पावलांवर होती हो... मला एक हाक मारायची होती तिनं.