वाट्याला आलेली लोकर

"तुमच्या घरी मेंढ्या आहेत ना गं? मग तू लोकर घे. लोकरीतली चरबी. घरचंच कार्य!"

सर हसले. मग अख्खा वर्ग हसला. मागनं कुणीतरी "बेंऽऽ" केलं. मी वळून बघितलं नाही. आवाज ओळखीचा होता. आमच्याच जुन्नर तालुक्यातला, बागायतदाराचा पोरगा. एमएस्सीला माझ्याच वह्या नेऊन पास झालेला.

रसायनशास्त्रातल्या पीएचडीचं कोर्सवर्क चालू होतं. त्यात प्रत्येकानं एका विषयावर सेमिनार द्यायचा. पास झालात तर संशोधन सुरू, नाहीतर बसा तिथंच. सर एकेकाला विचारत होते, "तुला काय आवडेल?" कुणी औषधं म्हणालं, कुणी बॅटरी. त्या पोरानं नॅनो काहीतरी सांगितलं, त्याचं त्यालाच धड कळत नव्हतं. तरी सर म्हणाले, "छान." माझी पाळी आली तेव्हा विचारलं नाही. सांगितलं.

मला ग्रुप थिअरी हवी होती. रेणू फिरवला, आरशात धरला, तर तो तसाच दिसतो का, एवढ्यावरून त्याच्याबद्दल किती काय सांगता येतं! माझी मीच शिकले होते ते. वेड लागल्यासारखी. तेवढं सांगायला तोंड उघडलं, तर सर म्हणाले, "त्यात लई गणित असतं. आपल्याला झेपेल तेच करावं."

आपल्याला म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं.

दुपारी सगळे सरांच्या केबिनमध्ये चहाला गेले. मला कुणी हाक मारत नाही. मी पाण्याच्या टाकीमागं बसून डबा उघडला. रडू आलं नाही. नुसता राग येत होता, आणि सांगायला एक माणूस नव्हतं.

संध्याकाळी एसटीनं आमच्या गावी, खोडदला उतरले. आबा, माझे वडील, तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनाच्या कुंपणाकडेनं मेंढरं वळवत होते. म्हटलं, "आबा, मला लोकरीवर बोलायला सांगितलंय." त्यांचा चेहरा असा काही फुलला!

"मंग लई भारी झालं की गं पोरी! आमी जल्मभर लोकर कातरली, कुणी इचारलं न्हाई. आता कॉलेजात तिचा इषय व्हतोय!"

सकाळी निघताना त्यांनी हातात गाठोडं दिलं. धुतलेली काळी लोकर, स्वच्छ फडक्यात बांधलेली. "सायबांस्नी दे. म्हनावं, आमच्या बापानं दिलीय."

बापाला काय सांगू? लोकरीत वाईट काही नाही. तिच्यावरच माझं शिक्षण झालं. पण मी कशावर बोलायचं ते माझी जात बघून दुसऱ्यानं का ठरवायचं? त्या घरात मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं. गाठोडं घेतलं आणि निघाले.

सरांनी दारातच बघितलं. "अरे वा! सामानासकट आलीस!" पुन्हा सगळे हसले.

मी म्हटलं, "सर, ही माझ्या बापानं तुमच्यासाठी दिलीय. तुम्ही आम्हाला मान दिला असं वाटलं त्याला. मी ती तुम्हाला देणार नाही."

हसू थांबलं. माझा आवाज कापत होता. कापू दे. "मी लोकरीवर बोलणार नाही. ग्रुप थिअरीवर बोलणार."

"मग नापास होशील."

"करा."

सेमिनारच्या दिवशी मी ग्रुप थिअरीवरच बोलले. निम्म्यात सरांनी हात वर करून थांबवलं. "दिलेला विषय नाही," म्हणाले आणि नापास केलं. बागायतदाराचा पोरगा आता प्रयोगशाळेत पांढरा कोट घालून फिरतो.

आबांना सगळं खरं सांगितलं. 'बेंऽऽ'सुद्धा सांगितलं. ते म्हणाले, "लोकरीवर हसले व्हय?" आणि मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेले. मागं वळून बघितलं नाही. त्यांचा तो आनंद मी मारला. पण तो खोट्यावर उभा होता, आणि खोटं मी सांभाळणार नव्हते.

आता नव्या पोरांबरोबर पुन्हा कोर्सवर्कला बसतेय. सर तेच आहेत. माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच असते. विषय पुन्हा वाटतील. मला विचारणार नाहीत, ठाऊक आहे. मी उभी राहीन आणि ग्रुप थिअरी म्हणेन. पुन्हा नापास केलं, तर पुढच्या वेळी याच वर्गात येऊन पुन्हा तेच म्हणेन.